दोन एकर वावर विकू की नको?

पत्र

नमस्कार बाई,

मी पारोळा तालुक्यातल्या एका गावची, ग्रामपंचायत सदस्य आहे. घरी सहा एकर कोरडवाहू, त्यात बहुतेक कापूसच. मुलगा सव्वीस वर्षांचा आहे, फर्स्ट क्लासमध्ये बी.एस्सी. झालाय. दोन वर्षं भरतीचा अभ्यास केला, नंतर चाकणला गेला. सात महिन्यांनी कंपनीनं ब्रेक दिला, म्हणजे कामावरून कमी केलं, दुसरीकडे लागला तर तिथेही तसंच. आता वर्ष झालं, घरीच आहे. दुपारी झोपतो आणि संध्याकाळी पारावर बसतो. त्याचे वडील चारचौघांत त्याला आळशी म्हणतात. माझ्या बहिणीचा मुलगा पुण्यात वाढला. त्याची डिग्री तीच, मार्क याच्यापेक्षा कमी, तरी तीन महिन्यांत कामाला लागला आणि टिकला.

एक ओळखीचे गृहस्थ म्हणतात की चौदा लाख द्या, एका संस्थेत कायमची नोकरी लावून देतो. त्यासाठी दोन एकर वावर काढायचं चाललंय. गिऱ्हाईक शुक्रवारी इसार घेऊन येणार आहे.

आणखी एक विचारायचंय. ग्रामसभेत पोरं मला म्हणतात, ताई, आमच्यासाठी काय केलं? मी "वर कळवते" म्हणते आणि खाली बसते. बेरोजगारी आमच्याकडेच का? सरकारला यात काही करता येतं का, की हे नशीबच समजायचं?

— एक आई

उत्तर

नमस्कार ताई,

आधी शुक्रवारचं. इसार घेऊ नका.

पैसे देऊन नोकरी मिळवणं हा गुन्हा आहे, घेणाऱ्याचाही आणि देणाऱ्याचाही. त्यामुळे फसवणूक झाली तर तक्रारीला तोंड उरत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरच्यांनी असेच पैसे भरले होते. संस्थेनं त्याला कामावर घेतलं, वर्गही दिला. आज येईल, उद्या येईल करत खात्याची मान्यता कधी आलीच नाही. तीन वर्षं तो बिनपगारी शिकवत राहिला आणि एक दिवस शाळेत जायचं थांबवलं. वावर गेलं ते गेलंच. तो हुशार मुलगा होता, आजही भेटला की मला कसंतरी होतं. तुमचं वावर कोरडवाहू असेल, पण घरात वर्षाचं धान्य आणि थोडा कापूस आणणारी तीच एक जागा आहे. ती एका तोंडी शब्दावर सोडू नका.

आता मुलाचं. तुम्ही लिहिलंय की तो दुपारी झोपतो. रस्त्यानं तो कसा चालतो, हे कधी पाहिलंत का? हे विचारण्यामागे एक कारण आहे.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएंथाल नावाची एक वस्ती आहे. सगळं गाव एकाच कापड कारखान्यावर जगायचं. १९३० च्या सुमारास तो कारखाना बंद पडला. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल हे तिघे अभ्यासक तिथे गेले आणि १९३३ मध्ये त्यांनी आपली निरीक्षणं छापली. घड्याळ लावून त्यांनी रस्त्यावरच्या लोकांची चाल मोजली होती. पुरुषांची चाल मंदावली होती, ते वाटेत पुन्हा पुन्हा थांबत. वेळ भरपूर होता, तरी वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली होती. दिवसभर काय केलंत असं विचारलं तर पुरुषांना सांगता येत नसे. बायका मात्र भरभर चालत होत्या, कारण त्यांच्यामागचा चूल-मूल-धुण्याचा व्याप कमी झालेला नव्हता.

मी अर्थशास्त्र शिकवायची. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझे वडील दिसले. ते खानदेशातल्याच एका मिलमध्ये रिंग खात्यात होते. मिल बंद पडल्यावर भोंगा वाजायचा थांबला, तरी ते पहिल्या पाळीच्या वेळेला उठत, अंघोळ करून, टोपी घालून चौकापर्यंत जात आणि परत येत. पुढे पुढे चौकापर्यंत जाणंही थांबलं. आमच्या गल्लीतले लोक त्यांना आळशी म्हणू लागले. तीस वर्षांत ज्यांनी एक खाडा केला नव्हता, त्यांना! तेव्हा मी कॉलेजात होते आणि कधी कधी मलाही लोकांचं खरं वाटायचं. ते मी अजून विसरलेले नाही. तुमच्या यजमानांना हा परिच्छेद वाचून दाखवा, ही माझी विनंती आहे. रिकामपण माणसाचा वेळ खातं, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो आळस वाटतो.

मग बहिणीचा मुलगा टिकला आणि तुमचा टिकला नाही, असं का? दोघांच्या स्वभावात फरक असेलही, पण त्याआधी दोघांच्या पत्त्यात फरक आहे. पुण्यातल्या मुलाला ब्रेक मिळाला असता, तर दुसरी कंपनी बसच्या चार थांब्यांवर होती. रात्री तो घरीच जेवला असता आणि दोन-तीन महिने चांगल्या कामाची वाट पाहू शकला असता. मित्राचा काका, शेजारचा सुपरवायझर, वर्गातली मैत्रीण असं कोणी ना कोणी "आमच्याकडे जागा निघाली आहे" म्हणून सांगणारं होतं. तुमच्या मुलाला ब्रेक मिळाला त्या दिवसापासून कॉट बेसिसच्या खोलीचं भाडं आणि मेसचा डबा त्याच्या अंगावर चालू झाला. वाट पाहणं त्याला परवडणारं नव्हतं. मिळेल ते काम घ्या नाही तर पारोळ्याची एस.टी. धरा, एवढंच त्याच्या हातात होतं. शहरात कारखाने एकमेकांच्या शेजारी असतात, म्हणून कामगाराला निवड करता येते. निवड करता येते म्हणून कामगार तिथे जातात, आणि कामगार आहेत म्हणून नवा कारखानाही तिथेच येतो. एका जागी हे चक्र फिरू लागलं की दुसरी जागा आपोआप मागे पडते. तिथल्या लोकांनी काही चूक केलेली असावी लागत नाही.

याचं उदाहरण तुमच्या शेजारच्याच तालुक्यात आहे. अमळनेरला प्रताप मिल होती, ती गेली. त्याच अमळनेरात १९४५ मध्ये वनस्पती तूप आणि खाद्यतेल काढणारी एक कंपनी सुरू झाली, तीच पुढची विप्रो. आज तिचं नाव जगभर आहे, पण ती संगणकाच्या धंद्यात मोठी झाली ती बंगळुरूत, कारण इंजिनिअर, गिऱ्हाईक आणि जोडीचे धंदे तिथे होते. यात मी कोणाला दोष देत नाही. पण खानदेशात उद्यम नव्हता असं कोणी म्हणालं, तर हे जरूर सांगा. जळगावात आजही पाइप, चटई, डाळ मिल, ठिबक आणि सोन्याचा बाजार उभा आहे. अडचण अशी की हे सगळं एका शहराभोवती गोळा झालंय, आणि शेतमाल मात्र अजून कच्चाच बाहेर जातो. रावेर-यावलची केळी घडानं उत्तरेकडे जाते. कापसाच्या गाठी इथे बांधल्या जातात, सूत आणि कापड दुसरीकडे होतं. जो माल कच्चा जातो, त्याच्यासोबत पुढच्या टप्प्यांचं कामही जातं. आणि कामामागोमाग पोरं जातात, सुरतला उधना-लिंबायतला, नाशिकला सातपूर-अंबडला, पुण्याला चाकणला.

तुम्ही "आमच्याकडेच का" असं विचारलंत. सरकारी आकडेवारी पाहायला गेलात तर तुम्हाला आश्चर्य वाटेल, कारण तिथे मागास भागात बेरोजगारी बऱ्याचदा कमी दिसते. २०२३-२४ च्या आवर्ती श्रमबल सर्वेक्षणात देशाचा बेरोजगारी दर ३.२ टक्के होता आणि केरळचा ७.२ टक्के. केरळ काही देशात सर्वांत गरीब नाही. याचं कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. वर्षातले तीस दिवस जरी माणसानं काही काम केलं, तरी नेहमीच्या मोजणीत तो रोजगारात धरला जातो. घरच्या वावरात बिनमजुरीनं मदत केली तरी ते कामच. तुमच्या मुलानं कापूस वेचणीला आणि फवारणीला मिळून महिनाभर हातभार लावला असेल, तर कागदावर तो बेरोजगार नाही. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याची आदिवासी जोडपी दिवाळीनंतर दक्षिण गुजरातच्या ऊसतोडीला जातात, एक जोडपं म्हणजे एक कोयता. पोरंबाळं घेऊन महिनोनमहिने पालात राहतात, पण आकड्यात त्यांचा रोजगार पूर्ण भरतो. रिकामं बसणं परवडावं लागतं, ताई. गरीब माणूस बेरोजगार राहू शकत नाही, तो वाईट कामाला लागतो. ज्याला आईबापांनी पोटाला चिमटा काढून शिकवलं, तो थोडे दिवस थांबून पाहतो आणि तोच बेरोजगार म्हणून मोजला जातो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालात तरुण पदवीधरांचा बेरोजगारी दर २९.१ टक्के होता, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांचा ३.४ टक्के. घरच्या वावरातली मदत काम म्हणून धरली गेली नाही, तर तुमचा मुलगा या २९ मधला आहे. म्हणून "किती बेरोजगार" एवढं विचारून खानदेशाचं दुखणं सापडत नाही. किती दिवस काम मिळालं, कोणतं मिळालं, किती पैशांचं आणि घरापासून किती लांब, हे विचारावं लागतं.

आणखी एका गोष्टीवर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण ती आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीनं १९८४ मध्ये महाराष्ट्राच्या विकासाचा अनुशेष, म्हणजे कोणता भाग किती मागे राहिला ते मोजलं. पुढे १९९४ मध्ये राज्यघटनेच्या ३७१(२) कलमाखाली तीन वैधानिक विकास मंडळं झाली, विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. आपण कुठे बसलो? उर्वरित महाराष्ट्रात. म्हणजे धडगाव आणि दादर एका मंडळात, तळोदा आणि पिंपरी-चिंचवड एका मंडळात. मुंबई-पुण्याच्या उत्पन्नात नंदुरबार मिसळून सरासरी काढली, की नंदुरबारचं दुःख नाहीसं होतं. विदर्भाला आणि मराठवाड्याला निदान स्वतःच्या नावाची मोजणी मिळाली, त्यांचे नेते त्यावर भांडू शकले. आपल्याला भांडायला खानदेश म्हणून स्वतंत्र आकडाच नव्हता. २०११ च्या जनगणनेत जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून एकोणऐंशी लाख माणसं होती, म्हणजे कितीतरी देशांपेक्षा जास्त. त्यांना आपल्या नावाचा वेगळा रकाना नव्हता. त्या मंडळांची मुदतही २०२० च्या एप्रिलमध्ये संपली. बेरोजगारीच्या सर्वेक्षणातही वर्षानुवर्षं नाशिक आणि खानदेश मिळून एकच विभाग धरला गेला. जानेवारी २०२५ पासून मात्र या सर्वेक्षणात नमुना निवडताना जिल्हा हे मूळ एकक धरलं जातंय. तुमच्या आमदारांकडे मागायची पहिली गोष्ट हीच आहे. जिल्ह्याचा आकडा वेगळा काढा, जाहीर करा आणि जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत मांडा.

सरकारला काही करता येतं का? येतं. केलेलंही आहे, काही चांगलं आणि काही फुकट गेलेलं.

फुकट गेलेलं आधी सांगते. राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे. तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे वर्ग करतात आणि मागास तालुक्यात कारखाना काढणाऱ्याला जास्त सवलती देतात. हेतू चांगलाच आहे. पण सवलत मुख्यतः यंत्रात आणि इमारतीत गुंतवलेल्या भांडवलाच्या हिशेबानं मिळते. त्यामुळे जास्त यंत्रं आणि कमी माणसं असलेल्या कारखान्यालाही भरघोस परतावा मिळतो. इटलीनं हेच फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. मागास दक्षिणेसाठी १९५० मध्ये खास निधी उभारला. पहिली काही वर्षं रस्ते, पाणी, जमीनसुधारणा झाली, त्याचा लोकांना उपयोग झाला. पुढे पैसा मोठमोठ्या पोलाद आणि रसायनांच्या कारखान्यांकडे वळला. तिथले लोक त्यांना वाळवंटातली मंदिरं म्हणू लागले, कारण भोवती त्यांना माल पुरवणारा एक छोटा धंदाही उगवला नाही. आपल्या एम.आय.डी.सी.तले ओसाड भूखंड पाहिले की मला ते आठवतं. नुसती जमीन आणि सवलत दिली की कारखाना सवलतीपुरता येतो. सवलत द्यायचीच तर ती स्थानिक माणसाला दिलेल्या पगारावर द्यावी, असं माझं ठाम मत आहे. आता केंद्रानं ऑगस्ट २०२५ पासून नवी भरती करणाऱ्या मालकाला दरमहा माणशी तीन हजारांपर्यंत, आणि पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्याला दोन हप्त्यांत पंधरा हजारांपर्यंत द्यायला सुरुवात केली. म्हणजे मदत माणसाच्या हिशेबानं आली, हे बरोबरच झालं. पण ती चाकणला आणि पारोळ्याला सारखीच आहे. जिथे काम आधीच आहे तिथला मालक तिचा जास्त फायदा घेणार, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. मागास जिल्ह्यात ती दुप्पट हवी.

आता चांगलं. तुमच्या भाच्याच्या पगाराची पावती कधी पाहिली आहे का? त्यात व्यवसाय कर म्हणून दरमहा २०० रुपये कापलेले असतात, फेब्रुवारीत ३००. तो कर आला कुठून, हे पुण्यात बहुतेकांना ठाऊक नसतं. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, म्हणजेच रोजगार हमी, ही त्यांची कल्पना. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव भागात ती करून पाहिली, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पोचली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. या कामांना पैसा लागणार म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदारानं महिन्याला थोडं द्यायचं आणि त्यातून दुष्काळी गावातल्या माणसाला त्याच्या गावाजवळ काम मिळायचं. काम असलेल्या भागानं काम नसलेल्या भागाला दिलेला हा वाटा होता आणि तो कायद्यानं बांधलेला होता. देशानं असा कायदा २००५ मध्ये केला, आपण कितीतरी आधी. आणि त्या मारिएंथालमध्ये, जिथे माणसांची चाल मोजली होती, २०२० मध्ये सरकारनं दीर्घकाळ बेकार असलेल्या प्रत्येकाला हमखास काम देण्याचा प्रयोग सुरू केला. नव्वद वर्षांनी ते तिथे पोचले. पागेंची कल्पना आपल्याकडे पन्नास वर्षांहून जुनी आहे, आणि आपली पोरं तिला खड्डे खणायची योजना समजतात.

यात पोरांचाही दोष नाही. बी.एस्सी. झालेल्या मुलाला बांधावर कुदळ देऊन भागणार नाही. पण या हमीतून काय काय होऊ शकतं, ते पाहा. पाझर तलाव झाले, विहिरी झाल्या. १९९० पासून फळबागा तिला जोडल्या आणि कोरडवाहू माळावर डाळिंब, बोर, आंबा उभा राहिला. मजुरी एकदाच मिळाली, पण बागेनं पुढे वर्षानुवर्षं काम दिलं. आपल्या भागासाठी हीच कसोटी लावावी असं मला वाटतं. खर्च झाल्यावर मागे काम देणारं काही उरतं का? पाडळसऱ्याचं निम्न तापीचं धरण दोन दशकांहून जास्त काळ अपुरं आहे. ते पाटबंधारे खात्याचं प्रकरण म्हणून सोडून देतात, पण अमळनेर-पारोळा-धरणगावच्या तरुणांसाठी ती सगळ्यात मोठी रोजगार योजना आहे. पाणी आलं की एका पिकाची दोन होतात. मग मजुरी, वाहतूक, खतांची दुकानं, पॅकहाउस असं सगळं मागोमाग येतं, आणि बारावी-बी.एस्सी. झालेल्या मुलाला करण्याजोगं काम त्या मागून येणाऱ्यात असतं. मनमाड-इंदूर रेल्वेला केंद्रानं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर, १८ हजार कोटींचा खर्च. ती धुळ्यावरून जाणार आहे. कित्येक पिढ्यांनी ती मागितली. आता तिच्या प्रत्येक स्टेशनाजवळ गोदाम, शीतगृह आणि प्रतवारीची जागा आधीच राखून ठेवा, अशी मागणी आत्ता करायची असते, गाडी सुरू झाल्यावर नाही.

ज्यांना जायचंय त्यांनाही मदत हवी, हे मी विसरत नाही. काही लोक म्हणतात, गाव सोडा, काम आहे तिथे जा. काही म्हणतात, काम गावात आणा. मला हा वाद खोटा वाटतो. पोरं जातातच आहेत, आणि कसलाही आधार नसताना जातात. चाकण, रांजणगाव, अंबडला खानदेशच्या मुलांसाठी जिल्हा परिषदांनी किंवा राज्यानं तीन-चार महिने स्वस्तात राहता येईल अशी वसतिगृहं चालवली असती, तर तुमचा मुलगा पहिल्या ब्रेकनंतर चांगल्या कामाची वाट पाहू शकला असता. आपण मुलींसाठी, विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं मागतो. नव्यानं कामाला लागलेल्या मुलासाठी कोणी मागत नाही.

आता ग्रामसभेचं. "वर कळवते" म्हणायचं थांबवा, कारण वर काय कळवायचं तेच अजून कागदावर नाही. एक नोंदवही करा. गावातल्या अठरा ते पस्तीस वयाच्या प्रत्येकाचं शिक्षण, येणारं काम, गेल्या वर्षात किती दिवस मजुरी मिळाली, गाव सोडून कुठे गेला होता, परत का आला. मुलींची नावं विसरू नका. शिकलेल्या सुनांना कोणी बेरोजगार म्हणतच नाही, कारण त्या घरी "रिकाम्या" नसतात. मारिएंथालच्या बायकांसारखंच ते. ही नोंद ग्रामसभेच्या इतिवृत्तात घ्या. ज्यांना हमीचं काम हवंय त्यांची मागणी लेखी द्यायला लावा आणि तारखेसह पोच घ्यायला लावा. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम देता आलं नाही तर भत्ता देण्याची तरतूद आहे, आणि पोच नसेल तर तो भत्ता कधीच निघत नाही. कागद असला की आमदारांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना उत्तर द्यावं लागतं. नुसती तक्रार ऐकून घेतली जाते आणि चहाबरोबर संपते.

आणि ही नोंदवही तुमच्या मुलाला करायला सांगा. त्याला कामाला लावायची युक्ती म्हणून हे सुचवत नाहीये. गावात हे काम करू शकणाऱ्या थोड्या लोकांपैकी तो आहे. आकडा मांडता येतो, फिरून आलाय, ब्रेक म्हणजे काय ते त्यानं अंगावर घेतलंय. सोबत त्याच्या पोटापाण्याचंही पाहा. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला प्रशिक्षणकाळात महिना दहा हजार विद्यावेतन धरलेलं आहे. ते चालू आहे का, पारोळ्यात की जळगावात जागा आहेत, हे जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात जाऊन विचारा, फोनवर नको. बी.एस्सी. रसायनशास्त्र असेल तर जळगावच्या ठिबक, पाइप, अन्नप्रक्रियेच्या कारखान्यांत प्रयोगशाळेची आणि गुणवत्ता तपासणीची कामं निघतात. तिथून तो शनिवारी घरी येऊ शकतो, आणि पगार चाकणपेक्षा दोन-तीन हजारांनी कमी असला तरी खोलीभाड्याचा हिशेब मांडला तर हातात जास्त उरेल. काही वर्षांनी स्वतःचं काही करावंसं वाटलं, तर अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राच्या योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत अनुदान ठेवलेलं होतं, आणि आपल्या जिल्ह्यासाठी त्यात केळी निवडलेली होती; ती तेव्हा चालू आहे का ते विचारा. पण ते आत्ता नको. आत्ता त्याला महिन्याच्या शेवटी हातात पगार मिळणं गरजेचं आहे.

भरतीच्या परीक्षेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते. अभ्यास सोडायला मी सांगत नाही. काम करत करत आणखी दोन प्रयत्न, आणि वही घेऊन शेवटची तारीख लिहायची. ती तारीख त्यानं लिहावी, वडिलांनी नाही.

शुक्रवारी माणसं येतील तेव्हा तुमच्या यजमानांना एकटं सोडू नका. तुम्ही समोर बसा आणि व्यवहार होणार नाही हे तुम्ही सांगा. सात-बाऱ्यावर तुमचंही नाव लावून घ्या, सहहिस्सेदार म्हणून. ते अजून झालेलं नसेल तर तलाठ्याकडे चौकशी याच आठवड्यात करा.

नोंदवहीची पहिली पानं भरली की त्यांची प्रत मला पाठवा. मुलाच्या हातची असली तर मला जास्त आवडेल. किती दिवस काम मिळालं, या रकान्याची बेरीज त्यानं कशी केली आहे तेवढं मी तपासून देईन.

तुमची,
बाई